‘विरुद्ध’ म्हणायची नोकरी

नोकरीत मला एकच शब्द नीट म्हणायचा होता, आणि तो मी बरीच वर्षं मुद्दाम गाळला. त्याबद्दल मला कुणी मेमो दिला नाही. एका बाईनं मात्र माझ्याकडून तो शब्द म्हणवून घेतला. दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या खात्यातलं काहीतरी लिहा’ असा निरोप आला तेव्हा मला आधी तीच आठवली. पण तिच्याकडे जाण्याआधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण सिनेमानं त्याबाबत लोकांची फार दिशाभूल करून ठेवली आहे.

मी कोर्टात पट्टेवाला होतो. आमच्या नगर जिल्ह्यातल्या चार-पाच तालुक्यांच्या ठिकाणी बदल्या होत राहिल्या, काम तेच राहिलं. सकाळी बोर्ड लागतो, म्हणजे त्या दिवशी चालायच्या प्रकरणांची यादी. कारकुनानं आतून खूण केली की मी दारात यायचं, तोंड अंगणाकडे करायचं आणि पुकारा द्यायचा, “अमुक विरुद्ध तमुक, हजर आहेत का?” असं तीनदा. ‘हाजिर हो’ असं मी आयुष्यात एकदाही म्हटलेलं नाही. तीन पुकाऱ्यांत वादी, म्हणजे ज्यानं दावा लावला तो माणूस, उठून आला नाही तर त्याचा दावा काढून टाकला जाऊ शकतो. प्रतिवादी आला नाही तर त्याच्यावाचून काम पुढे चालू शकतं. अंगणात चहाची टपरी, झेरॉक्सचं मशीन, मोटारसायकली आणि दोनशे माणसं एकदम बोलत असतात. त्यातून माझा आवाज चिंचेखाली बसलेल्या म्हातारीपर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर तिची जमीन गेली. आवाज मला आमच्या चर्चनं दिला. वडील गायनमंडळात खालच्या पट्टीत गायचे आणि मला शेजारी उभं करायचे. वकील मंडळी म्हणायची, “पाटोळे, तुम्ही पुकारता की उपासना चालवता?” मला त्याचा आनंदच व्हायचा.

नोकरीला लागलो तेव्हा इंग्रजीची बोंब होती. प्रत्येक फायलीवर दोन नावांच्या मध्ये ‘व्ही’ आणि ‘एस’ अशी दोन अक्षरं दिसायची. पहिले चार दिवस मला वाटलं, हे कुणा वकिलाचं नाव असणार. व्ही. एस. नावाचा हा गृहस्थ सगळ्या प्रकरणांत आहे म्हणजे भलताच चालणारा वकील! पाचव्या दिवशी मी एका वृद्ध वकीलसाहेबांना विचारलं, “साहेब, हे व्ही. एस. बसतात कुठं?” ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी मला नीट समजावलं. तो शब्द ‘वर्सेस’, आपल्या भाषेत विरुद्ध. इंग्रजांनी तो लॅटिनमधून घेतला आणि तिकडे त्याचा मूळ अर्थ ‘च्याकडे तोंड केलेला’ असा होता म्हणे. “भांडण दुय्यम आहे, पाटोळे. आधी समोर उभं राहायचं,” असं ते म्हणाले. मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

आता हा शब्द पोरांच्या तोंडी सगळीकडे आहे. क्रिकेटच्या फ्लेक्सवर आहे, माझी नात तर कुठल्या दोन मोबाइलमधला कुठला घ्यावा याचे व्हिडिओ बघते, त्यांच्यावरही तोच शब्द. तिथे तो तुलनेचा. एकाशेजारी एक ठेवायचं आणि बघायचं. कोर्टातही बघायला गेलं तर हेच होतं, फक्त ते समजायला मला माणसं भेटावी लागली.

त्यातला पहिला, राजूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला म्हातारा. नाव गोविंदा. डोंगरउतारावरच्या जमिनीच्या तुकड्यासाठी त्याचा दावा होता आणि समोर महाराष्ट्र शासन. मी पुकारलं, “गोविंदा सखा विरुद्ध महाराष्ट्र शासन, हजर आहेत का?” तो लगबगीनं आला आणि दारातच थांबला.

“माजं नाव आधी?” त्यानं विचारलं.

“दावा तुम्ही लावलाय ना बाबा. म्हणून आधी.”

“आन् सरकार मागून?”

“हो.”

तेवढ्यात सरकारी वकील कागद सावरत आत गेले. बारीक अंगाचे, सर्दी झालेले, हातात रुमाल. म्हाताऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ह्ये सरकार व्हय? आरं, मी उगाच भेलो!” असं म्हणून तो आत गेला आणि एकदाही न अडखळता बोलला. पुढे त्या दाव्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही, माझी बदली झाली. पण मंत्र्याच्या गाडीला रस्ता द्यायला ज्याला बाजूला व्हावं लागतं, त्याचं नाव एका कागदावर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत सरकारच्या समोर लिहिलेलं असतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

दुसरे सुप्याकडचे दोन शेजारी. बांधावरून एकोणीस वर्षं दावा. एक हरिभाऊ, दुसरे किसनराव. बाकावर आधी आलेला दुसऱ्यासाठी टोपी ठेवून जागा धरायचा, पण बोलायचे नाहीत. एका तारखेला मी पुकारलं तर हरिभाऊ एकटेच उठले. खिशातून घडी केलेला कागद काढून मला दिला. किसनरावांचा मृत्यूचा दाखला. ग्रामपंचायतीतून हरिभाऊंनी स्वतः आणलेला. वारसांची नावं लावायची होती तर तीही त्यांनीच घडाघडा सांगितली, पुण्याला दिलेल्या मुलीचं सासरचं नाव, धाकट्याचं वय, सगळं. किसनरावांच्या वकिलांना यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. बाहेर येऊन हरिभाऊ मला म्हणाले, “त्याच्यावानी भांडनारा पुन्ना न्हाई गावायचा, पाटोळे.” त्यांचे डोळे भरलेले होते. वैऱ्याची इतकी नीट ओळख ठेवणारी माणसं बघितली की आपण मित्रांची किती ठेवतो याची लाज वाटते.

असं सगळं बघूनही मी ती चूक केली. भावाबहिणींचे दावे आले की मला ‘विरुद्ध’ म्हणवत नसे. मी ‘आणि’ म्हणायचो. “शांताबाई अमुक आणि रामदास तमुक, हजर आहेत का?” माझा असा समज होता की एका आईच्या लेकरांना भर अंगणात एकमेकांविरुद्ध म्हणून ओरडणं बरं नव्हे. आत कारकुनाच्या लक्षात यायचं, पण तो हसून सोडून द्यायचा. मला स्वतःच्या या चांगुलपणाचं फार कौतुक होतं. घरी बायकोलाही सांगायचो.

आमच्याकडे बापाच्या माघारी मुलींनी हक्कसोड लिहून द्यायची रीत आहे. कायदा बरोबरीचा वाटा देतो. तलाठी वारस म्हणून मुलीचं नाव लावतो. मग भाऊ गाडी घेऊन येतो, बहिणीला कचेरीत नेतो, ती सही करते, जेवून साडी घेऊन सासरी जाते. जी सही करत नाही तिचं माहेर संपलं असं समजतात. मिरजगावकडची सुमन पोपट गवारे हिनं सही केली नव्हती. बापाची बारा एकर, भाऊबहीण दोघंच. नवरा टेम्पो चालवायचा, घरी खाऊनपिऊन बरं होतं. सातबाऱ्यावर नाव राहावं आणि निम्मी जमीन वाटून मिळावी, एवढंच तिचं मागणं. भाऊ भागवत मारुती जगदाळे.

ही माझ्या शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट. कोर्टाचं गाव सांगत नाही. सुमनबाई दर तारखेला एकटी एसटीनं यायची. चाळिशीची, काटक, पायात स्लीपर, हातात कापडी पिशवी. भागवत जीपनं यायचा, बरोबर पाच-सात पाहुणे. ती एका कडेला बसायची. तिच्याशी कुणी बोलत नसे म्हणून मी बोलायचो. एकदा मी सहज म्हणालो, “बाई, मिटवून टाका की. भाऊ आहे शेवटी.” ती म्हणाली, “भाऊ हायेच की. मी कुटं न्हाई म्हनते?” आणि डबा उघडून भाकरी खाऊ लागली. मला वाटलं, नरमली.

तिच्या साक्षीची तारीख आली. त्याआधीच्या दोन तारखा वेगवेगळ्या कारणांनी गेल्या होत्या आणि मॅडमनी, म्हणजे आमच्या न्यायाधीश बाईंनी, ही शेवटची संधी असं लिहून ठेवलं होतं. तिचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते, बारापर्यंत पोचतो असा त्यांचा फोन होता. तोवर तिनं पुकाऱ्याला उठून ‘हजर’ म्हणायचं, बाकी ते आले की बघतील. न उठली तर दावा निघणार. निघालेला दावा पुन्हा उभा करता येतो, पण त्याला नवा अर्ज लागतो, कारणं द्यावी लागतात, पुन्हा सगळ्या गावाचं ऐकून घ्यावं लागतं. त्या रस्त्यानं परत आलेल्या बायका मी फार थोड्या पाहिल्यात.

त्या दिवशी पाहुण्यांनी तिला चिंचेखाली मधोमध बसवलं होतं. मावशीनं तिचा हात हातात धरला होता. सहीसुद्धा करू नको, काही बोलूही नको, नुसती बसून राहा, असं त्यांचं चाललं होतं. कुणी भांडायला नको, कुणी नाही म्हणायला नको. पुकारा होईल आणि जाईल, दावा आपोआप सुटेल, संध्याकाळी जीपमधून माहेरी जेवायला चल. हे मला नंतर कळलं. दारातून मला एवढंच दिसलं की बहीण पहिल्यांदाच पाहुण्यांत बसली आहे, आणि मी मनातून सुखावलो.

“सुमन पोपट गवारे आणि भागवत मारुती जगदाळे, हजर आहेत का?”

कुणी उठलं नाही. मी दुसरा पुकारा दिला. तोही ‘आणि’ लावून, आणि खरं सांगतो, थोडा हळू. मिटतंय तर मिटू दे.

तिसऱ्यासाठी मी श्वास घेतला तेवढ्यात ती उठली. मावशीच्या हातातून तिनं हात सोडवून घेतला. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा लाल झाला होता.

“पाटोळेभाऊ, कागदावर काय लिवलंय?”

मी गडबडलो. “म्हणजे?”

“माज्या नावाच्या आन् त्याच्या नावाच्या मदी. काय लिवलंय?”

“विरुद्ध.”

“मंग तुमी ते का म्हनत न्हाई? आत्ता माज्या मावशीनं मला काय सांगितलं ठावं हाय का? म्हनली, आइक, कोर्टसुदिक तुमाला येका दमात बोलावतंय. त्येंनाबी कळतंय की तुमी येकच हायेत. तुजं यगळं काय हायच न्हाई, तू कशाला उठती? आन् मी बसले, भाऊ. दोन डाव बसले! मलाबी वाटाया लागलं, की माजं यगळं काय न्हाईच.”

मी म्हणालो, “बाई, मी चांगल्यासाठीच...”

“चांगल्यासाटीच म्हनत्यात समदे. साडी देत्यात तेबी चांगल्यासाटी. चार वर्सं झाली, मी त्याच्याफुडं उबी ऱ्हायाला शिकतीय. मागं ऱ्हायले तर लाडकी, शेजारी बसले तर लाडकी. फुडं उबी ऱ्हायले की वंगाळ. मला आज फुडं उबं ऱ्हायाचंय. तुमी ते म्हना. मोट्यानं म्हना.”

मी वळलो आणि आत गेलो. नोकरीत पहिल्यांदा मी न बोलावता मॅडमसमोर उभा राहिलो. “मॅडम, माझा पुकारा चुकला. मी विरुद्ध म्हटलं नाही. आणि म्हटलं. दोन्ही वेळा.” आज काहीतरी लेखी येणार अशी माझी तयारी होती. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “वादी आल्यात का?” “दारात आहेत.” “मग त्यांना उत्तर देता येईल असं पुकारा. पहिल्यापासून, तीनदा. आणि पाटोळे, कागदावर असेल तेच.”

मी दारात आलो. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती, पण पुकारा अंगणाला द्यायचा असतो. मी वडिलांनी शिकवल्याप्रमाणे पोटातून आवाज काढला. “सुमन पोपट गवारे विरुद्ध भागवत मारुती जगदाळे!” टपरीवरचे लोक वळून बघू लागले. “हाजर हाय,” ती म्हणाली. एकदा उत्तर मिळालं की पुन्हा पुकारायची गरज नसते. पण मॅडमनी तीनदा सांगितलं होतं आणि मलाही ते तीनदा म्हणायचं होतं. तिन्ही वेळा ती ‘हाजर हाय’ म्हणाली, दर वेळी आधीपेक्षा स्वच्छ. तिसऱ्या वेळी चिंचेखालून भागवत उठला आणि खाली मान घालून आला. “हजर,” तो पुटपुटला. तिचे वकील धापा टाकत पोचले तेव्हा दोघं आत समोरासमोर उभी होती.

उलटतपासात भागवतच्या वकिलांनी विचारलं, “भाऊ दर दिवाळीला साडी घेतो ना?”

“घेतो.”

“आजारी पडलात तेव्हा दवाखान्यात त्यानंच नेलं ना?”

“त्यानंच. लई केलं त्यानं.”

“आणि तरी तुम्ही त्याच्याविरुद्ध उभ्या आहात?”

“ते त्याचं देनं झालं, सायेब. जिमीन बापाची हाय.”

इतकी वर्षं पुकारे दिले, नामांकित वकिलांची भाषणं ऐकली, पण यापेक्षा नीट मुद्दा मांडलेला मला आठवत नाही. साक्ष संपवून ती बाहेर आली, पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. पाहुण्यांची जीप तिच्यासमोरून गेली. मी चहा आणून दिला. चहा घेता घेता तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “फुडची तारीख कंची दिली?”

मी त्या रात्री झोपलो नाही हे लिहायला संकोच वाटतो, पण कारण लिहिलंच पाहिजे. भिंगारच्या आमच्या वडिलांच्या घरावर फक्त माझं नाव होतं. माझ्या बहिणीनं, मार्थाताईनं, हक्कसोडीवर सही करून दिली होती, आणि ‘आपण काय वेगळे आहोत का, ताई’ असं म्हणून तिच्यापुढे पेन मी धरलं होतं. ‘आणि’ म्हणण्याची सवय मला कुठून लागली होती ते सुमनबाईनं मला माझ्याच दारात उभं करून दाखवलं. पुढच्या रविवारी मी संगमनेरला ताईकडे गेलो. तो कागद आम्ही दुरुस्त केला, घरावर तिचंही नाव लावलं. ताई मला काय काय बोलली ते तिचं तिनं सांगावं, मी सांगणार नाही. बोलली मात्र भरपूर.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही ‘विरुद्ध’ गाळला नाही. सुमनबाईला निम्मी जमीन मिळाली. निकालाच्या दिवशी भागवत व्हरांड्यात तिला म्हणाला, “आता म्हायेर तुटलं तुजं.” ती म्हणाली, “तू तोडलं तर तुटंल. मी न्हाई तोडलं.” अपील त्यानं केलं नाही. मोजणी झाली, दगड रोवले, तिनं वाट्याला आलेल्या सहा एकरांत बोअर घेतला आणि नशिबानं त्याला पाणीही लागलं.

तिचा फोन मला दर दिवाळीला येतो. पहिल्या वर्षी भाऊबीजेला ती ताट घेऊन माहेरी गेली. दार लावलेलं होतं. ती ओसरीवर दिवा ठेवून परत आली. मी म्हटलं, “कशाला गेलात?” ती म्हणाली, “भावाकडं गेल्ते. जिमिनीकडं न्हवते गेले.” दुसऱ्या वर्षी भावजयीनं दार उघडलं, पाणी दिलं. भागवत घरात असून बाहेर आला नाही. गेल्या दिवाळीला तिचा फोन आला तेव्हा मी आधी तेच विचारलं.

“आला का बाहेर?”

“आला. पाटावर बसला. ववाळून घेतलं. बोलला काय न्हाई.”

“मग?”

“उटताना म्हनला, आक्का, माजी हीर आटलीय. तुज्या बोअरचं पानी तुरीला देशील का दोन पाळ्या?”

“काय म्हणालात?”

“देते म्हनलं. का न्हाई द्यायाचं?” मग तिचा आवाज बदलला, हसत होती की रडत होती ते फोनवर कळलं नाही. “पाटोळेभाऊ, आजवर त्यो मला देतच आला. माज्याकडं काय मागितलं ते ह्ये पयल्यांदाच.”